ब्लाइंडमधला गडी पॅकच करत नसेल तर…

राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर सगळे तीन पत्तीतून पोकरकडे आलेले, त्यामुळे पहिला घोळ शब्दाचाच झाला. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता चाल. पोकरमध्ये मात्र डीलर बटणाच्या (पानं वाटणाऱ्याच्या जागेची खूण) डावीकडच्या दोघांनी पानं बघायच्या आधी सक्तीनं भरायचे ते ब्लाइंड. आम्ही चिंचोक्यांवर खेळतो, स्मॉल ब्लाइंड १, बिग ब्लाइंड २.

पहिलं काम, चोरी बंद. बाकीच्यांनी पॅक केलं, म्हणजे पानं टाकून डाव सोडला, की बटणावरून कसल्याही पानांवर ६ लावून मधले ३ उचलायचे, ही सवय सगळ्यांना असते. पण ३ साठी ६ लावताय, म्हणजे नुसत्या चोरीवर भागायचं तर दोघांनी मिळून तीनपैकी दोनदा तरी पॅक करायला हवं. आमच्यातले एक काका बिग ब्लाइंडला बसले की हमखास म्हणतात, "दोन घातल्यात की भावा, आता बघूनच जातो." त्यांच्यापुढे बादशहा-चार, गुलाम-सहा असली हातातली दोन पानं गुमान टाकायची.

मग चांगल्या पानांवर रेज, म्हणजे वाढवून लावायची चाल, आणखी मोठी करा. खरी कमाई इथंच आहे. तुम्ही ६ केले आणि स्मॉल ब्लाइंडनं पॅक केलं, तर काकांना ४ भरून ९ साठी खेळायला मिळतं. त्यांना जिंकायची साधारण ३१ टक्के संधी पुरते. तेच १० केले तर ८ भरून १३ साठी, म्हणजे ३८ टक्के लागते. काका दोन्ही वेळा कॉलच करणार, म्हणजे तेवढेच भरून खेळणार. मग महागात करू द्या.

पानं कुठली? मोठी. एक्का-राणीसमोर काका एक्का-सहा घेऊन आले, तर तुम्ही दहात सातदा जिंकता. एकाच कलरची सत्ती-छक्की दिसायला गोड, पण समोरचा पॅक करणार नसेल तर तिचा अर्धा दम जातो. छोट्या जोडीला फ्लॉपवर (मधे उघडी पडणारी पहिली तीन पानं) तसलंच तिसरं पान साधारण आठात एकदाच लागतं. दोघांकडं चिंचोक्यांचा ढीग असेल तरच तिच्या मागं लागा.

मधे कुणी नुसता कॉल करून आला असेल तर त्याच्यापोटी आणखी २ वाढवा.

आणि काकांनीच उलट रेज केली, तर एक्का-दहा मुकाट्यानं पॅक करा. आमचे काका वर्षातनं दोनदा करतात. दोन्ही वेळा एक्क्यांची जोडी निघाली.