रस्त्याखालची मोरी बांधताना या चुका टाळा, नाहीतर मोरी राहते आणि रस्ता जातो

दरवर्षी जुलैमध्ये हेच ऐकायला मिळतं, मोरी जागच्या जागी उभी आहे पण दोन्ही बाजूचा भराव वाहून गेला. काँक्रीट बहुतेक वेळा चांगलंच असतं हो, चूक त्याच्या आधी कागदावर झालेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेजारच्या नाल्यावर तीन नळ्या टाकल्यात ना, मग इथेही तीनच टाका. अरे पण इथला पाणलोट किती, ते कुणी मोजलं का? कोकणात घाटाच्या पायथ्याला फक्त 1 चौरस किलोमीटर पाणलोट धरा. पुराचा अंदाज काढायचं इंग्लिसचं सूत्र, जे आपल्या जुन्या मुंबई इलाख्यासाठीच बसवलेलं आहे, ते लावलं की सेकंदाला साधारण 37 घनमीटर पाणी येतं. डिकन्सच्या तशाच सूत्राने, सह्याद्रीचा गुणांक 22 धरून, 22 येतं. आयआरसी एसपी 13, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची छोट्या पूल-मोऱ्यांची मार्गदर्शिका, म्हणते की मोठा आकडा घ्या, पण त्याच्या खालच्या आकड्याच्या दीडपटीच्या वर जाऊ नका, म्हणजे 33. आता 1000 मिमीची नळी तुडुंब भरून सेकंदाला 3 मीटरच्या वेगाने वाहिली तरी 2.4 घनमीटरच काढते, तीन नळ्यांचे झाले 7, मग राहिलेलं 26 घनमीटर पाणी जाणार कुठे? भरावावरूनच ना! अशा जागी बॉक्स (काँक्रीटची चौकोनी मोरी) किंवा स्लॅबचा पूलच लागतो. आणि हाच हिशोब उचलून मराठवाड्यात नेऊ नका, 60 ते 120 सेंमी पावसाच्या भागाला डिकन्सचा गुणांक 11 ते 14 आहे.

दुसरी चूक पूरपातळीची. एका वाडीत आम्ही काठावरच्या झुडपात अडकलेला पालापाचोळा बघून लेव्हल घेतली आणि निघालो, तेवढ्यात शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाबा, हे तर गेल्या सालचं, मोठ्या पुरात पाणी आमच्या ह्या पायरीला लागलेलं." पायरीवर स्टाफ (लेव्हल मोजायची काठी) धरला तर आमच्या खुणेपेक्षा सव्वा मीटर वर! तेव्हापासून मी निदान तीन-चार म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय एचएफएल (सर्वात उंच पूरपातळी) लिहीत नाही. त्याच्यावर मोकळी जागाही सोडा, 30 ते 300 घनमीटर विसर्गाला 900 मिमी, कारण पुरात नुसतं पाणी येत नाही, ओंडके येतात, अख्खी झाडं येतात.

नळीचा तळ नाल्याच्या तळापेक्षा वर ठेवला की वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि खालच्या अंगाला धबधबा पडून एप्रन (तोंडाजवळची तळाची फरसबंदी) उखडतो. नळीवर निदान 600 मिमी भराव हवा, नाहीतर ट्रकच्या चाकाखाली तडकते.

आधीच बांधलेली मोरी त्रास देत असेल तर पाणी उतरल्यावर खाली उतरून बघा. खालच्या अंगाला खड्डा दिसला तर नुसते दगड टाकून भागत नाही, एप्रनच्या टोकाला पडदी भिंत खोल न्यावी लागते. अप्रोच (मोरीला जोडणारा रस्ता) सारखा खचत असेल तर अ‍ॅबटमेंटची (टोकाच्या आधारभिंतीची) वीप होल (पाणी निघायची भोकं) तपासा, बऱ्याचदा प्लास्टर करताना ती बुजवून टाकलेली असतात, मग मागचं पाणी मातीतच कोंडतं. तारेने टोचून बघा, चिखल येतोय की पाणी. आणि नळ्यांमधला गाळ मे महिन्यातच काढून घ्या, मृगाचा पाऊस सुरू झाला की कुणी आत उतरत नाही.