घरच्या मंडळींसह भूमिका-खेळाची पहिली बैठक

१९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून रुजलेल्या या खेळप्रकारात एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो आणि बाकीचे आपापल्या पात्राने काय करायचे ते ठरवतात. घरी प्रथम खेळताना जाडजूड नियमपुस्तक बाजूला ठेवावे. वीस बाजूंचा फासा, कागद आणि पेन्सिल एवढे पुरते. कृती फसण्याची शक्यता असेल तेव्हाच फासा टाकावा आणि सोप्या कामाला १०, अवघड कामाला १५ किंवा अधिक दान लागेल, असे आधीच ठरवावे. मुलाचे दान हुकले तर नुसते ‘जमले नाही’ म्हणू नये. कुलूप उघडते, पण आवाजाने पहारेकरी जागा होतो, असे सांगितले की गोष्ट पुढे सरकते आणि मूल हिरमुसत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहिली बैठक तासाभरात आटोपावी.