नावाआधी काय लावायचं?

सरकारी कार्यालयात अठ्ठावीस वर्षं मी टपाल आणि आस्थापना सांभाळली. गोव्यात फोंड्यात असताना नवीन लागलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारायची, "मॅडम, सायबांना काय म्हणू?"

अर्जात पद लिहा, नाव नको: 'प्रति, मामलेदार, फोंडा'. उद्या बदली झाली तरी अर्ज त्या खुर्चीकडेच जातो. खुर्चीवर बाई असतील तर खाली 'महोदया' लिहा. आधी चौकशी करा.

बोलताना 'सर', 'मॅडम' पुरेसं. वयानं मोठ्या क्लार्कला, ड्रायव्हरला नावापुढे 'बाब' लावा. आपल्या गोव्याचा हा शब्द मला फार आवडतो, त्यात मान आहे आणि मायाही. पण सुनावणी चालू असताना अधिकाऱ्याला 'बाब' म्हणू नका, समोरच्या पक्षकाराला वाटतं यांची आतून ओळख आहे. आणि 'पात्रांव' तर कधीच नको. तो मालकाला म्हणायचा शब्द, आणि सरकारी कचेरीत मालक कुणी नसतो.

खरी चूक होते ती 'डॉ.'मध्ये. एका बैठकीची यादी मीच टाइप केली होती. चार पुरुषांना 'डॉ.', पाचव्या बाईंना 'श्रीमती'. त्या एमडी होत्या. सही करताना त्यांनी 'श्रीमती'वर आडवी रेघ ओढली, वर बारीक अक्षरात 'डॉ.' लिहिलं आणि कागद शेजारच्यांकडे सरकवला. एक शब्द बोलल्या नाहीत. ती निळी रेघ मी विसरलेले नाही. म्हणून यादी झाली की नावं सोडून फक्त उपाध्यांवरून बोट फिरवा. एकीचीच वेगळी दिसली तर फोन करून विचारा. आरोग्य केंद्रात तर डॉक्टर बाईंनाही लोक सर्रास 'सिस्टर' म्हणतात. आपण तरी म्हणू नये.

कार्यक्रमपत्रिकेत नावाला 'पद्मश्री' जोडू नका. हे पुरस्कार नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलंय. परिचयात खुशाल लिहा. कोर्टात 'माय लॉर्ड'ची गरज नाही. बार कौन्सिलच्या २००६ च्या नियमाप्रमाणे वकिलांनी उच्च न्यायालयात 'ऑनरेबल कोर्ट' आणि खालच्या कोर्टात 'सर' म्हटलं तरी चालतं.

शिपायाला 'ए' म्हणून हाक मारू नका, नाव घ्या.

चूक झालीच तर त्याच दिवशी दुरुस्त प्रत काढा आणि स्वतः नेऊन द्या. टपालात टाकू नका.