ट्रॅक्टर धुताना डिझेलचा बोळा नको

चिखलणी झाली किंवा खताची ट्रॉली ओढली की ट्रॅक्टर त्याच दिवशी धुवा, कारण युरिया मडगार्डच्या आतल्या कडेला चिकटून राहतो अन तिथूनच पत्रा गंजायला लागतो, वरून कलर चकाचक दिसतो पण आतून पापुद्रे सुटतात. इंजिन गार होऊ द्या आधी. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घाला, एअर क्लीनर, अल्टरनेटर आणि सेल्फला (स्टार्टर मोटरला) प्लास्टिक गुंडाळा, आणि वॉशिंग सेंटरवाल्याला स्पष्ट सांगा की प्रेशर रेडिएटरच्या जाळीवर जवळून मारू नको, पात्या वाकतात.

कपड्याची पावडर वापरू नका, साधा कार शाम्पू घ्या. पूर्ण कोरडा झाल्यावर सावलीत वॅक्सचा अगदी पातळ हात द्या, बोनेट आणि मडगार्डला तर नक्कीच, ऊन तिथंच जास्त खातं.

टायर काळे दिसावेत म्हणून बरेच जण डिझेल नाहीतर जळकं ऑइल फासतात, कृपा करून हे बंद करा!! रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग भेगा पडतात. टायरला साबणाचं पाणी अन ब्रश बास. धुतल्यावर सगळ्या निपलांना, म्हणजे ग्रीस भरायच्या टोकांना, ग्रीस मारा, आत शिरलेलं पाणी बाहेर येतं.