क्लबचे नवे खजिनदार होताय? एप्रिल ते जूनच्या पावत्या आधी ताब्यात घ्या

रोटरी असो, लायन्स असो, नाहीतर तुमच्या तालुक्यातला एखादा स्वतंत्र सेवा क्लब असो, खजिनदार नेमताना नव्या माणसाला एकच वाक्य ऐकवलं जातं: "फार काम नसतं हो, हिशेब तर सीएच करतो." मलाही हेच सांगितलं होतं. कृपा करून या वाक्यावर विसंबू नका. सीए हिशेब तपासतो, विवरणपत्र भरतो. देणगीदाराच्या दारात जाऊन त्याचा पॅन मागणं हे सीएचं काम नाही. ते तुमचं आहे.

क्लब कसा चालतो, बोर्ड मीटिंग, ड्यूज (सभासदांची वर्गणी), पदग्रहण, प्रोजेक्ट चेअरमन हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहिते. रक्तदान शिबिर कसं घ्यायचं हेही सांगत बसत नाही, ते रक्तपेढीचे लोक तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील. मला बोलायचंय ते पैशाबद्दल, आणि त्यातही एका जागेबद्दल, जिथे मी पहिल्या वर्षी अडकले आणि जिचा उल्लेख कुठल्याही ट्रेनिंगमध्ये झाला नव्हता.

ती जागा म्हणजे एप्रिल, मे आणि जून.

आपल्या क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. प्राप्तिकराचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. वाचायला साधी गोष्ट आहे, पण एका कागदावर दोन आडव्या रेघा मारून महिने लिहा म्हणजे घोळ दिसेल. समजा, १० मे २०२४ ला कुणी मोतीबिंदू शिबिरासाठी २५,००० रुपयांचा चेक दिला. पावती फाडली तेव्हाच्या खजिनदारांनी. १ जुलैला ते मोकळे झाले आणि पुस्तक तुमच्या हातात आलं. त्या चेकची माहिती प्राप्तिकर खात्याला द्यायची मुदत ३१ मे २०२५. म्हणजे जी देणगी तुम्ही घेतली नाही, जो माणूस तुम्ही पाहिलेला नाही, त्याचं नाव, पत्ता, ओळख क्रमांक आणि रक्कम तुमच्या कारकिर्दीत भरायची. शिवाय एप्रिल ते जून २०२५ मध्ये तुम्ही स्वतः फाडलेल्या पावत्यांचं विवरण तुमच्यानंतर येणारा माणूस मे २०२६ मध्ये देणार. दरवर्षी प्रत्येक खजिनदार नऊ महिने स्वतःचे आणि तीन महिने दुसऱ्याचे भरतो, आणि स्वतःचे तीन महिने पुढच्याच्या खांद्यावर ठेवून जातो. ज्या क्लबात हे कुणी उच्चारत नाही तिथे हे तीन महिने कुणाचेच नसतात.

हे विवरण म्हणजे फॉर्म १०बीडी. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून ८०जी नोंदणी (जिच्यामुळे देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळते) असलेल्या प्रत्येक संस्थेला ते भरावं लागतं. ते भरल्यावर पोर्टलवरून प्रत्येक देणगीदाराचं प्रमाणपत्र, फॉर्म १०बीई, निघतं आणि तेही ३१ मेपर्यंत त्याच्या हातात पडायला हवं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, वर कलम २७१के खाली १०,००० ते १,००,००० रुपये दंडाची तरतूद. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू होतो आणि त्यात कलमांचे आकडे बदलतात. तेव्हा तुमच्या वर्षाला कुठला फॉर्म आणि कुठली तारीख ते सीएकडून लेखी घ्या. बोलताना मात्र सगळे अजून "एटीजी"च म्हणतात, मीही तेच म्हणते.

माझ्या हातात आलेल्या पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती मला आजही डोळ्यांपुढे दिसतात. कार्बन पुसट उमटलेला. एकीवर नुसतं "डॉक्टरसाहेब, ५,०००". एकीवर दुकानाचं नाव, मालकाचं नाही. एकीच्या मागे पेन्सिलीने कुणाचा तरी पॅन, पण तो याच पावतीचा की वरच्या, ते कळायला मार्ग नाही. फोन करायला घेतले तर लोक पॅन सांगेनात, आणि त्यांचं काय चुकलं? फोनवर कुणालाही पॅन, आधार सांगू नका हे बँका रोज बजावतात. एक निवृत्त शिक्षक फार दुखावले होते. "बाई, पैसे घेताना हार घातलात, फोटो काढलात, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. आता वर्षाने चौकशी करताय?" त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते. शेवटी पुस्तक पिशवीत घालून मी एकेकाच्या घरी गेले, पावतीची स्थळप्रत दाखवली, कशासाठी हवंय ते समजावलं आणि समोर बसून लिहून घेतलं. लोकांनी दिलं. चहासुद्धा दिला. पण ती पायपीट तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

घाबरू नका. पॅन मिळालाच नाही तर आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र, शिधापत्रिका यांचा क्रमांकही त्या फॉर्ममध्ये चालतो. भरलेल्यात चूक निघाली तर दुरुस्त विवरण देता येतं. मात्र "नाव कळलं नाही, सोडून देऊ" असं करू नका. देणाऱ्याची ओळखच नोंदवलेली नाही अशी देणगी अनामिक ठरते, आणि धर्मादाय संस्थेला अशा रकमेवर एका मर्यादेपलीकडे ३० टक्के कर लागतो. ती मर्यादा म्हणजे एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातली जी मोठी असेल ती. मेळाव्यात दानपेटी ठेवायची हौस असलेल्या क्लबांनी हे आधी वाचावं.

म्हणून पदग्रहणाच्या आधी, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, जुन्या खजिनदारांबरोबर बसा. फक्त एप्रिलपासूनची पावतीपुस्तकं मागा. प्रत्येक स्थळप्रतीपुढे पूर्ण नाव, पत्ता, पॅन, रक्कम, पैसे कसे आले, कुठल्या खात्यात गेले, एवढं एका तक्त्यात भरून घ्या आणि दोघांनी खाली सही करा. वाईट वाटेल म्हणून संकोच करू नका. ज्येष्ठ आहेत, माजी अध्यक्ष आहेत, त्यांच्याकडे हिशेब कसा मागायचा, हा संकोच मी केला नसता तरी मला कुणी तो मागू दिला असता का, ठाऊक नाही. पण तुम्ही मागा. जून संपला की तीच माणसं नातवंडांकडे परदेशी गेलेली असतात.

आता याला चिकटलेली दुसरी गोष्ट. बहुतेक क्लबांची ८०जी नोंदणी क्लबच्या नावाने नसते, क्लबने काढलेल्या चॅरिटेबल ट्रस्टच्या नावाने असते. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला, त्याचे विश्वस्त वेगळे, खातं वेगळं. देणगीदार मात्र क्लबलाच ओळखतो आणि चेकवर क्लबचंच नाव लिहितो. तो चेक क्लबच्या खात्यात जमा करून पावती ट्रस्टची फाडायची, हा शॉर्टकट मी अनेकांकडून ऐकलाय. करू नका. चेक परत करून नाव बदलून मागा. माणूस दोन मिनिटं कुरकुरेल, इतकंच.

आणि पावती कशाची देताय ते बघा. ज्याच्या बदल्यात काही मिळतं ती देणगी नव्हे. नाटकाचा प्रयोग घेऊन विकलेलं तिकीट, स्मरणिकेतलं अर्धं पान, स्टॉलचं भाडं, यावर ८०जीची पावती देता येत नाही. स्मरणिकेच्या जाहिरातीचं बिल करा, व्यापारी ते धंद्याच्या खर्चात दाखवतो, त्याचं नुकसान काही नाही. जीएसटीचं मात्र सीएला आधी विचारा. वह्या, चादरी, व्हीलचेअर अशा वस्तू देणाऱ्यालाही करसवलत नाही. त्याला मनापासून आभाराचं पत्र द्या. रोख २,००० रुपयांच्या वर असेल तर सवलत नाही, तेव्हा यूपीआय किंवा चेकच घ्या. आणि ज्याने नवी करप्रणाली निवडलीय त्याला ८०जीचा काही उपयोग नाही. २०२३-२४ पासून नवी प्रणालीच आपोआप लागू होते, वेगळी निवड करावी लागते ती जुनीची. त्यामुळे "टॅक्स वाचेल" हे सांगून देणगी मागण्याचे दिवस बरेचसे गेले, आणि मला विचाराल तर बरंच झालं. शिबिर सांगा, शाळा सांगा, डायलिसिसचं मशीन सांगा. कर वाचवण्यासाठी दिलेला पैसा पुढच्या वर्षी येईलच असं नसतं.

परदेशाबद्दल एकच सांगते. अध्यक्षांचा पुतण्या अमेरिकेचा नागरिक आहे आणि त्याला थेट ट्रस्टच्या खात्यात डॉलर पाठवायचेत, असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबवा. एफसीआरए (परदेशी देणग्यांबाबतचा कायदा) खालची नोंदणी नसेल तर परदेशी नागरिकाचा पैसा घेता येत नाही, मग तो रुपयांत असला तरी. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला चालतो. म्हणून पहिला प्रश्न पारपत्र कुठलं, हाच.

क्लबचा पैसा आणि लोकांचा पैसा हे वेगळे ठेवा, हे तुम्ही ऐकलेलं असेल. लायन्समध्ये तर प्रशासकीय निधी आणि सेवा निधी वेगळा ठेवण्याचा नियमच आहे. लोकांकडून गोळा केलेला पैसा लोकांच्या कामालाच जायला हवा, त्यातून फार तर तो कार्यक्रम उभा करण्याचा थेट खर्च वजा करता येतो. रोटरीच्या नमुना उपविधींमध्येही क्लब चालवण्याचा आणि सेवाप्रकल्पांचा पैसा असे दोन भाग सांगितलेत. फेलोशिपचं जेवण, पदग्रहणाचा हॉल, गव्हर्नर (क्लबांच्या विभागाचे प्रमुख) भेटीची शाल हे सगळं ड्यूजमधून. "तात्पुरतं ट्रस्टमधून वापरू, ड्यूज आले की टाकू" असं बोर्डात कुणी म्हणालं तर नाही म्हणा, आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्या. इथे मी नरमाईचा सल्ला देणार नाही.

निधी उभारायचे मार्ग तुमचा क्लब ठरवेल, पण संगीत रजनीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कलाकारांचं मानधन, हॉल, साउंड, बॅनर, पाहुण्यांचे पास हे वजा केल्यावर हातात काय उरतं ते तिकीटविक्रीच्या आधी कागदावर मांडा. पुष्कळदा असं दिसतं की तेवढे पैसे पन्नास घरं फिरून आले असते, आणि त्या पन्नास घरांशी क्लबचं नातं जुळलं असतं. नाटकाचा प्रयोग घेणं त्यातल्या त्यात बरं, कारण आपल्याकडे नाटकाला माणसं येतातच. स्मरणिका मला आवडते. एकदा जाहिरात दिलेला दुकानदार दरवर्षी पान राखून ठेवतो.

कंपन्यांच्या सीएसआरच्या (समाजकामासाठी काढून ठेवलेल्या निधीच्या) मागे पहिल्याच वर्षी लागू नका. १ एप्रिल २०२१ पासून त्यासाठी ट्रस्टची सीएसआर-१ नोंदणी लागते, १२ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) आणि ८०जी लागतं, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. कागद जमवण्यातच वर्ष जातं. ते सुरू करून ठेवा, भरवसा त्यावर ठेवू नका.

मार्गदर्शक कुणाला करावं? व्यासपीठावर सर्वात छान बोलणाऱ्याला नको. क्लबात एखादे शांत काका असतात, बँकेतून किंवा पोस्टातून निवृत्त झालेले, दर मीटिंगला मागच्या रांगेत बसणारे. व्हाउचर बिलाला कसं टाचायचं, पासबुक महिन्याला कसं जुळवायचं हे त्यांना येतं. माझं दुसरं वर्ष सुसह्य झालं ते अशा एका काकांमुळे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते पासबुक घेऊन बसायचे आणि मला एकच विचारायचे, "ही नोंद कुणाची, ताई?" उत्तर येईस्तोवर पुढच्या ओळीवर बोट जायचं नाही.

तुम्ही पैसे मागायला जाल तेव्हा दार उघडेल, याची खात्री बाळगा. पोलिओच्या रविवारी बूथवर बसलेले क्लबचे लोक गावाने पाहिलेत. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस ही पोलिओ निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि २७ मार्च २०१४ ला भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला, तोवर किती घरांच्या उंबऱ्यावर कुणीतरी निळी-पांढरी पेटी घेऊन उभं राहिलं असेल. ती पुण्याई तुमच्या आधीच्यांनी कमावलीय आणि ती तुमच्या कामी येते.

मात्र देणगी घेतल्यावर परत जा. मोतीबिंदूच्या शिबिरासाठी पैसे घेतले असतील तर तपासणी किती जणांची झाली, शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात किती जण गेले, घरी आणल्यावर फेरतपासणीला कितीजण आले, आणि बिल किती झालं हे एका पानावर लिहून द्या. फोटोत व्यासपीठ नको, बिलाची प्रत हवी. फेरतपासणीचा आकडा बहुतेक क्लब सांगत नाहीत, कारण गाडीचा खर्च फक्त पहिल्या दिवसाचा धरलेला असतो. तो दोन्ही वेळचा धरा, देणगी मागतानाच सांगा. ते पान देताना १०बीईची छापील प्रतही सोबत असू द्या आणि पॅन, पत्ता बरोबर आहे ना ते तिथेच विचारून घ्या. पुढच्या खजिनदाराच्या तक्त्यातली एक ओळ तेवढ्यात भरून होते.