जमिनीखालच्या कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवताना या चुका टाळा

चंद्रपूर, कोराडी, तिरोड्याच्या औष्णिक केंद्रांतला कार्बन डायऑक्साइड उद्या विदर्भातल्या खडकात खोल गाडायचे ठरले, तर आसपासची शेते आणि विहिरी वर्षानुवर्षे तपासाव्या लागतील. त्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक काम सुरू होण्याआधीच होते: वायू सोडण्यापूर्वीच्या नोंदी न घेणे.

किमान एक पूर्ण वर्ष मातीतला कार्बन डायऑक्साइड मोजा. एप्रिलमध्ये भेगाळलेल्या काळ्या जमिनीतून वायू सहज निसटतो, आकडा कमी येतो. जुलैत त्याच शेतात मुळे आणि जिवाणू जोमाने श्वसन करतात, ओली माती वायू कोंडून धरते, आणि बाहेरच्या हवेत जेमतेम 0.04 टक्के असलेला कार्बन डायऑक्साइड मातीत काही टक्क्यांवर जातो. हाती फक्त एप्रिलची नोंद असेल तर जुलैचा आकडा गळतीच वाटणार. कॅनडातल्या वेबर्न इथे, जिथे हा वायू जमिनीखाली सोडला जात होता, 2011 मध्ये एका शेतकरी कुटुंबाची गळतीची तक्रार गाजली. तपासात तो वायू मातीतलाच निघाला.

म्हणून सोबत ऑक्सिजन आणि नायट्रोजनही मोजा. श्वसनात कार्बन डायऑक्साइड वाढतो साधारण तितकाच ऑक्सिजन घटतो. नायट्रोजन 78 टक्क्यांच्या आसपास टिकतो. खालून वायू घुसला तर नायट्रोजनचाही वाटा घसरतो. तरी शंका उरली तर कार्बन-14 तपासून घ्या: कार्बनचा हा किरणोत्सारी प्रकार मुळांच्या श्वसनातल्या वायूत असतो, कोळशात तो शिल्लकच नसतो. कार्बन-13 वर, म्हणजे कार्बनच्या किंचित जड प्रकारावर, मात्र विसंबू नका: कोळसा आणि कापूस-तुरीचे आकडे जवळजवळ सारखे येतात, ज्वारीचे वेगळे.

पाण्याचा सामू विहिरीच्या काठावरच मोजा. बाटली नागपूरच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत विरघळलेला वायू उडून सामू वर चढतो. यवतमाळ-चंद्रपूरकडे पाण्यात फ्लोराइड मुळातच आहे. त्याची आधीची नोंद नसेल तर पुढे ते वाढल्याचे गावाचे म्हणणे कुणी ऐकणार नाही.

कोळशाच्या शोधासाठी पाडलेली जुनी छिद्रे आणि बंद बोअरवेल नकाशावर घ्याच. नीट न बुजवलेले छिद्र ही वायूची सोपी वाट. जागा जुनीजाणती माणसे दाखवतील.

शेवटची चूक जिवावरची. हा वायू हवेच्या दीडपट जड, विहिरीच्या तळाशी साचतो. कंदील सोडून पाहणे पुरेसे नाही: हवेत 5 टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी ऑक्सिजन 20 टक्के उरतो, कंदील जळत राहतो आणि आत उतरलेल्याला धाप लागते. कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर दोरीने तळापर्यंत सोडा. आत कुणी बेशुद्ध पडला, तर हवेची टाकी असलेल्या श्वसनयंत्राशिवाय दुसऱ्याला उतरू देऊ नका.