राउटरचा स्पॉइल बोर्ड: रंधाही मशीनचाच, आखणीही मशीनचीच

नागपुरात हिंगणा एमआयडीसीत किंवा लकडगंजच्या आसपास सीएनसी राउटरवर (संगणकाच्या हुकमानं लाकूड कापणाऱ्या मशीनवर) नवीन लागणाऱ्यानं डिझाइनच्या सॉफ्टवेअरआधी एक काम शिकून घ्यावं: स्पॉइल बोर्ड (शीटखाली बेडवर कसलेला, कटरचा मार खाणारा बोर्ड) फेस करणं, म्हणजे वरून पातळ थर कापून सारखा करणं, आणि त्यावर ग्रिड मारणं, म्हणजे चौकटीच्या रेघा कोरणं. दिसायला कंटाळवाणं, पण यात मशीनचे सगळे दोष उघडे पडतात.

पहिली चूक स्पिरिट लेव्हलपासून सुरू होते. बोर्ड जमिनीशी लेव्हलमध्ये असण्याची गरजच नाही, तो स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या मोटरच्या) चालीशी समांतर हवा. गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारा आडवा पूल) मध्यभागी ०.२ मिमी झुकत असेल, तर फेस केलेला बोर्डही मध्यभागी तेवढाच खोल होतो आणि कापाची खोली सगळीकडे सारखी मिळते. सरळ पट्टी ठेवल्यावर खाली उजेड दिसला म्हणून घाबरू नका. म्हणूनच हातरंध्यानं किंवा सँडरनं बोर्ड ‘थोडा सारखा’ करायचा नसतो.

बोर्डासाठी १८ मिमीचा साधा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) घ्या. एचडीएचएमआर (त्याचाच जास्त दाट प्रकार) ओल जास्त सोसतो आणि क्लॅम्पवाल्या बेडवर छान टिकतो, पण व्हॅक्यूम बेडवर (बोर्डातून हवा ओढून शीट धरणाऱ्या बेडवर) नको, इतका दाट की त्यातून हवा ओढली जात नाही. व्हॅक्यूमसाठी एमडीएफची वरची कडक साय दोन्ही बाजूंनी काढावी लागते: आधी एक बाजू फेस करा, उलटवा, मग दुसरी. कडांना मात्र फेविकॉलचे दोन हात द्या, म्हणजे हवा बाजूनं शिरत नाही. बोर्ड कसायला नायलॉन किंवा पितळी बोल्ट. चुकून कटर त्यावर गेला तरी धार जात नाही, लोखंडी स्क्रूवर गेला तर इन्सर्ट (कटरची बदलती पाती) गेलाच. बोल्टचं डोकं पृष्ठभागापासून ८ मिमी खाली बसवा आणि फेसिंगआधी प्रत्येक भोकात व्हर्नियरची शेपटी घालून खोली मोजा. या हिशेबानं बोर्ड १२ मिमीवर आला की डोक्यावर फक्त २ मिमी उरतात. तिथे थांबायचं, नवा बोर्ड लावायचा.

नागपुरात एक गोष्ट वेगळी सांभाळावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठक्क, आणि शेडमध्ये डेझर्ट कूलर चालू. त्याच्या ओल्या ताट्यांतून येणारा दमट झोत बोर्डाच्या एकाच कोपऱ्यावर दिवसभर पडला, तर तो कोपरा फुगतो आणि बाकीचा बोर्ड आहे तसाच राहतो. सकाळी बरोबर असलेली खोली संध्याकाळी एका बाजूला चुकते, आणि दोष उगाच झेड मोटरला जातो. कूलरचं तोंड माणसाकडे फिरवा, बेडकडे नको. नवा बोर्ड आणल्याबरोबर कसू नका. दोन-तीन दिवस शेडमध्येच आडवा, खाली पट्ट्या देऊन ठेवा. पावसाळा लागला की पुन्हा एकदा हलकं फेसिंग धरूनच चाला.

आता मशीन तपासा. बोर्डाला कटर लावण्याआधी काटकोन बघायचा, कारण मशीन वाकडं असेल तर ग्रिडही वाकडंच पडेल आणि वर सुबक दिसेल. व्ही-बिट (टोकदार कटर) लावून १२०० बाय २४०० मिमीच्या आयताच्या चार कोपऱ्यांवर बारीक टिंबं मारा आणि टेपनं दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येक २६८३.३ मिमीच्या जवळ यायला हवा. दोघांत १.८ मिमीचा फरक आला, तर गॅन्ट्री १२०० मिमीत सुमारे १ मिमी तिरकी आहे. दोन मोटरवर चालणाऱ्या गॅन्ट्रीत बहुधा एका बाजूचा होम स्विच (मशीनची सुरुवातीची जागा ठरवणारा) सरकवून हे दुरुस्त होतं. टेपचा हूक हलता असतो, म्हणून शून्यावरून न मोजता १०० च्या खुणेवरून मोजा आणि १०० वजा करा.

मग स्पिंडलचा उभेपणा. आधी ०.३ मिमीचा एक कच्चा पास मारा, त्यावर जाड काच ठेवा, कोलेटमध्ये (कटर धरणाऱ्या चिमट्यात) दांडी धरून तिला डायल गेज (काट्यानं सूक्ष्म फरक दाखवणारं माप) लावा आणि स्पिंडल हातानं फिरवा. २०० मिमी व्यासाच्या फेऱ्यात ०.०५ मिमीपर्यंत फरक चालतो. ०.४ आला तर ५० मिमीच्या कटरनं, ३५ मिमी अंतराच्या पासना, प्रत्येक पासच्या कडेला सुमारे ०.०७ मिमीची पायरी पडते, नखाला सहज लागते. दुरुस्ती शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून: माउंटचे बोल्ट १५० मिमी अंतरावर असतील आणि डायल २०० मिमीत ०.२ दाखवत असेल, तर शिम ०.१५ मिमीची. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, अडल्यावेळी कामी येतो.

डायल नसेल तर पृष्ठभागच वाचा. टॉर्च अगदी तिरपा धरा. कटरच्या गोल रेघा एकमेकींना छेदत असतील, जाळीसारख्या, तर स्पिंडल सरळ आहे. सगळ्या कमानी एकाच दिशेच्या दिसल्या, तर स्पिंडल पुढे किंवा मागे कलंडलाय. अशा वेळी प्रत्येक पासमध्ये उथळ पन्हळ पडते. पायऱ्या पडत असतील तर तो डावी-उजवीकडे कललाय.

५० मिमीचा फेसिंग कटर लावताना शँक (कटरची दांडी) १२ मिमीचा आहे की १२.७ चा, ते व्हर्नियरनं बघा. डोळ्यांना फरक कळत नाही, आणि १२.७ च्या कोलेटमध्ये १२ चा शँक घट्ट वाटला तरी नीट धरला जात नाही. स्पिंडल दहा मिनिटं रिकामा चालवा. तापल्यावर तो लांबीनं थोडा वाढतो, मग झेड झिरो (उंचीचा शून्य) घ्या. झिरो बोर्डाच्या सर्वांत उंच जागी. नऊ ठिकाणी कागदाची चिठ्ठी सरकवून उंची बघा, आकडे पेन्सिलनं तिथेच लिहा, आणि साऱ्या बोर्डावर आडव्या-उभ्या पेन्सिलीच्या रेघा ओढा. जिथे रेघ उरली ती जागा अजून खाली आहे, पुढचा पास हवा.

१४००० आरपीएम, ५ मीटर प्रतिमिनिट फीड, थरामागे ०.४ मिमी खोली, स्टेपओव्हर (शेजारच्या दोन पासमधलं अंतर) ३५ मिमी. दोन धारांच्या कटरला यातून दातामागे ०.१८ मिमी मिळतात. फीड घाबरून दीड मीटरवर आणला तर कटर कापत नाही, घासतो. जळका वास आणि पिठासारखा भुसा ही त्याची खूण. १२२० बाय २४४० च्या बोर्डावर एका थराला ३६ पास, सुमारे ८८ मीटर चाल, म्हणजे वळणं सोडून साडेसतरा मिनिटं. शेवटचा थर ०.२ मिमीचा आणि एकाच दिशेनं. जाता-येता कापलं की पट्टे दिसतात. कटरचं केंद्र बोर्डाच्या कडेपर्यंत जायलाच हवं. मशीनची चाल कमी असेल तर कडेला उंच काठ उरतो आणि मोठी शीट त्यावर अधांतरी बसते. अशा वेळी बोर्डच लहान कापा. डस्ट कलेक्टर आणि एन-९५ मास्क लावल्याशिवाय हे काम नको. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो, डोळे चुरचुरतात ते निराळंच.

ग्रिड पट्टी-गुण्यानं आखू नका. होमिंग करून (मशीन होम स्विचवर नेऊन), मशीनच्याच झिरोपासून, ९० अंशांच्या व्ही-बिटनं ०.४ मिमी खोल रेघा मारा. रुंदी ०.८ मिमी येते, उभ्यानं दिसते. ६० अंशांच्या बिटनं ती अर्ध्याच्या आसपास भरते, शेडच्या उजेडात हरवते. अंतर १०० मिमी पुरे. ५० चं ग्रिड देखणं दिसतं, पण रेघा दुप्पट आणि व्हॅक्यूमला गळती जास्त. १०० च्या ग्रिडला १३ उभ्या आणि २५ आडव्या रेघा लागतात, मिळून सुमारे ६२ मीटर. दर ५०० मिमीला आकडा कोरा, एकेरी रेषेच्या फाँटमध्ये. क्लॅम्पच्या बेडवर रेघांत काळा मार्कर भरून वरून पुसला तर ठळक होतात. व्हॅक्यूमवर रंग नको.

प्रोग्राम जपून ठेवा. पुढच्या फेसिंगला ०.३ मिमी गेले की रेघा पुसट होतील, तोच प्रोग्राम पुन्हा चालवायचा, बरोबर जुन्या रेघांवर. उरलेली जाडी आणि तारीख बोर्डाच्या कडेवर पेन्सिलनं लिहीत जा.

रोज सकाळी होमिंगनंतर व्ही-बिट ५०० बाय ५०० च्या फुलीवर न्या आणि पृष्ठभागाच्या अर्धा मिमी वर थांबवा. टोक फुलीवर आलं तर शीट चढवा. बाजूला दिसलं तर आधी होम स्विचवर साचलेला भुसा काढा, पुन्हा होम करा, पुन्हा बघा.